मोबाइलमधला सूर्य आणि काशीदचं पाणी

२०२४च्या ऑलिंपिकमधला तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेदिना लाटेवरून उडालाय, हवेत ताठ उभा आहे, एक बोट आकाशाकडे, आणि शेजारी त्याचा बोर्डही तसाच उभा. २९ जुलैला एएफपीच्या जेरोम ब्रुइये यांनी होडीतून टिपलेला हा फोटो दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसवर होता. स्पर्धेचं ठिकाण होतं ताहिती बेटावरचं तेआहुपोओ, पॅरिसपासून सुमारे १५,७०० किलोमीटर लांब. तिथे खोल समुद्रातून आलेली लाट एकदम उथळ प्रवाळ खडकावर चढते आणि भिंत पडावी तशी कोसळते. खाली पाणी कमी आणि खडक धारदार.

त्या फोटोत न दिसणारी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. जगातले सगळ्यात तरबेज सर्फर तिथे जमले होते, तरी स्पर्धा ठरल्या दिवशी संपली नाही. वारा किंवा लाट बिघडली की दिवस पुढे ढकलला जायचा. त्यासाठी दहा दिवस राखूनच ठेवले होते, आणि अंतिम फेरी झाली ती अगदी शेवटच्या दिवशी, ५ ऑगस्टला. ज्यांना पाणी सगळ्यात जास्त कळतं, तीच माणसं अंदाज वाचून काठावर बसून राहिली.

आता आपल्याकडे या. मी पनवेलला राहतो. शनिवारी सकाळी पळस्पे फाट्यावर उभं राहिलं की मुंबई, ठाणे, खारघर, कामोठे सगळं एका रांगेत दिसतं. पेण, वडखळ, अलिबाग, काशीद, मुरूड. या गाड्यांमधली मंडळी निघण्याआधी काय काय बघून निघतात? ट्रॅफिक, हॉटेलचे रिव्ह्यू, सुरमई थाळीचा भाव, आणि मोबाइलमधलं हवामान. त्यात पिवळा सूर्य दिसला की विषय संपला. ऊन आहे, म्हणजे समुद्र आपलाच.

त्या सूर्याला समुद्रातलं काहीही कळत नाही. तो आकाशाचा अंदाज आहे. पाण्याचा अंदाज वेगळा असतो, तो रोज निघतो, तुमच्या-माझ्या करातून निघतो आणि फुकट मिळतो. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या हातात तो द्यावा, असं आपल्या व्यवस्थेला वाटत नाही. त्याऐवजी ती एक बोर्ड लावते: ‘समुद्रात उतरण्यास सक्त मनाई’. बारा महिने, तोच बोर्ड. माझं भांडण या बोर्डाशी आहे.

१ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. त्या दुपारी १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी हा कोकणातला सगळ्यात देखणा महिना, पावसाचा थेंब नसलेला. मोबाइलमध्ये तेव्हाही सूर्यच होता. त्यानंतर काय झालं, ते तुम्हाला न सांगताही कळेल: सहलींसाठी परिपत्रकं निघाली, नियम आले, मनाई आली. पण त्या दिवशी ओहोटी किती वाजता होती, पाणी कधी वळणार होतं, ओढ कुठे होती, हे किनाऱ्यावर उतरणाऱ्या पुढच्या सहलीला कोण सांगणार, हा प्रश्न तसाच राहिला.

दुसरं उदाहरण थोडं लांबचं. ६ मे २०२४, कन्याकुमारी जिल्ह्यातला लेमूर बीच. वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण डॉक्टर लाटांनी ओढून नेले. वादळ नव्हतं. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे १९९९मध्ये स्थापन झालेल्या आपल्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, त्या दिवसांसाठी इशारा आधीच दिला होता. हजारो किलोमीटर दूर दक्षिणेच्या समुद्रात वादळी वारा सुटला होता आणि त्याच्या लाटा निघून इकडे पोचत होत्या. केरळचे मच्छीमार याला ‘कल्लकडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. २०१२मध्ये युनेस्कोनेही हा शब्द स्वीकारला. म्हणजे शब्द होता, शास्त्र होतं, इशारा होता. तरी माणसं पाण्यात होती. इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, किंवा पोचूनही त्याचा अर्थ लागला नाही. दोन्हींचा शेवट एकच.

अर्थ लागत नाही, कारण तो आपल्याला कुणी शिकवलेलाच नाही. समजा अंदाज सांगतो, ‘लाट दीड मीटर’. आपण म्हणतो, हात्तिच्या, छातीएवढीच! पण हा आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो. ओळीने आलेल्या लाटांपैकी सगळ्यात उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच तासाभरात एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे तीन मीटरची येऊ शकते, आणि त्यात अंदाज चुकला असं काही नसतं.

दुसरा आकडा तर आपण बघतच नाही. एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते? जवळच्या वाऱ्याने उठलेली लाट सहा सेकंदांची असेल, तर खोल समुद्रात दोन लाटांमध्ये छप्पन-एक मीटर अंतर असतं. लांबून आलेली लाट १६ सेकंदांची असेल तर हेच अंतर ४०० मीटरच्या आसपास जातं. उंची दोघींची सारखीच दिसते, पण दुसरी अडीचपटीहून जास्त ताकद घेऊन किनाऱ्यावर येते आणि वाळूवर बरीच वर चढते. वर या लाटा टोळीने येतात. चार-पाच मोठ्या लाटा, मग काही मिनिटं शांतता. त्या शांततेत आपण गुडघ्यापासून कमरेपर्यंत जातो, रीलसाठी पाठ समुद्राकडे करतो, आणि पुढची टोळी तेव्हाच पोचते.

सर्फर पाण्यात उतरण्याआधी चार गोष्टी बघतो: लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, वाऱ्याची दिशा आणि भरतीची वेळ. ‘हे श्रीमंतांच्या खेळाचं खूळ आहे, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणणारे भेटतात. मला हे उलटं वाटतं. ज्याला पोहता येतं, ज्याच्या पायाला बोर्ड बांधलेला आहे, त्याला चार आकडे लागतात. ज्याला पोहता येत नाही, जो जीन्स घालून उतरतो, त्याला एकही नको?

‘आपल्याकडे कुठे तसले खडक आहेत’ हाही एक युक्तिवाद. खरं आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्रे बँक हा प्रवाळांचा मोठा उंचवटा आहे, पण त्याचा माथाच सुमारे वीस मीटर पाण्याखाली, त्यामुळे तिथे तेआहुपोओसारखी लाट फुटत नाही. पण बुडायला प्रवाळ लागत नाही. उघड्या समुद्राकडे तोंड असलेला वाळूचा किनारा आणि परत फिरणाऱ्या पाण्याची ओढ एवढं पुरतं.

आणि हे सगळं ज्ञान परदेशी ॲपमधून आयात करायची गरज आहे असंही नाही. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. पहाटेची लाट गुळगुळीत आणि दुपारची विस्कटलेली का, याचं बरंचसं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. जगभरचे सर्फर ज्या वाऱ्याची वाट बघत पहाटे उठतात, तो मतलई. आपण ते शब्द दोन मार्कांसाठी पाठ केले आणि विसरलो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हेही त्याच पुस्तकात होतं.

कोकणातला जुना हिशोब तर याहून सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं, आणि नऊच्या सुमारास ओसरलेलं. पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती. थोडं इकडेतिकडे होतं, पण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे. ओहोटीला आत चालत गेलेले लोक भरतीत अडकतात, ते समुद्राने दगा दिला म्हणून नाही. समुद्राने वेळापत्रक पंचांगात छापून ठेवलं होतं.

नारळी पौर्णिमा हाही एक अंदाजच होता. खवळलेला समुद्र त्या सुमारास निवळायला लागतो, हे पिढ्यानपिढ्या पाहून ठरलेलं. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीसाठी असली, तरी त्या दिवसांत समुद्र कसा असतो, हे कुठल्याही कोळीवाड्यात विचारा. साडेतीन-चार मीटर लाटांचे इशारे तेव्हा नेहमीचे. ज्यांना समुद्र कळतो त्यांनी होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, आणि नेमके त्याच आठवड्यांत आपण ‘मान्सून ट्रिप’ म्हणून तिथे हजर.

मच्छीमारांसाठीचे इशारे त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोचवायचं काम गेली काही वर्षं होतंय, ते चांगलंच आहे. पण किनाऱ्यावर उभा असलेला पर्यटक कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याच्यासाठी फक्त मनाई. आता या मनाईचं गणित बघा. जो बोर्ड मेच्या शांत सकाळी आणि जुलैच्या उधाणात सारखंच बोलतो, तो काहीच बोलत नाही. लोक दहा वेळा त्याच्याकडे दुर्लक्ष करून सुखरूप घरी येतात आणि शिकतात की बोर्ड खोटा असतो. अकराव्या वेळी तो खरा असतो. ‘बोर्ड लावला होता’ हे वाक्य अपघातानंतर कुणाच्या उपयोगाचं असतं, बुडालेल्याच्या घरच्यांच्या की बोर्ड लावणाऱ्याच्या?

‘लोक दारू पिऊन उतरतात, त्यांना आकडे सांगून काय उपयोग’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय. काही लोक कशानेच ऐकणार नाहीत, मान्य. पण सहल घेऊन आलेली शिक्षिका, लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब, कॉलेजची पोरं, यांतले बहुतेक शुद्धीत असतात आणि त्यांना मरायचं नसतं. दुसरा आक्षेप, ‘अंदाज चुकतात’. ढगफुटीचा चुकतो, मान्य. पण भरतीची वेळ वर्षभर आधी मिनिटांच्या हिशोबात सांगता येते, आणि लांबून निघालेली लाट वाटेत असतानाच दिसते. समुद्राचा अंदाज अनेकदा पावसाच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

शेजारच्या गोव्याने २००८पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक ठेवलेत आणि झेंडे लावलेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा, लाल असेल तर उतरू नका. झेंडा बदलतो, म्हणून लोक त्याच्याकडे बघतात. झेंडा मनाईपेक्षा बरा, कारण तो आजचं बोलतो.

आणि हे फक्त बीचवर जाणाऱ्यांपुरतं आहे असं समजू नका. पनवेल हे खाडीवरचं जुनं बंदर, १८५२ची नगरपालिका. गाढी नदीचं पाणी या खाडीतच जातं. भरती चढलेली असताना वर जोराचा पाऊस झाला, तर ते पाणी जाणार कुठे? मुंबईत साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधी जाहीर होतात. पनवेलच्या किती सोसायट्यांच्या ग्रुपवर भरतीची वेळ येते? ‘रेड अलर्ट’ येतो, शाळा बंदचा मेसेज येतो, भरती येत नाही. रस्त्यावर पाणी आलं की मग कळतं आपण समुद्रकाठी राहतो.

मागणी साधी आहे. रायगडच्या प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर, गाड्या लावतात तिथेच, रोज सकाळी खडूने लिहिता येईल असा एक फळा लावा. त्यावर मराठीत, आणि खाली हिंदीत, पाच ओळी: आज भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. लाट किती, किती सेकंदांनी. वारा कुठून. ओढ कुठे आहे. कुठपर्यंत उतरायचं, की आज अजिबात नाही. आकडे इन्कॉइस देतं, ओढ कुठे आहे ते गावातला कोळी सांगेल, आणि त्या सांगण्याचे त्याला पैसे द्या. पार्किंगची पावती आपण फाडतोच, तिच्या मागे हाच मजकूर छापायला काय लागतं?

तोवर हे तुमच्यावर आहे. या शनिवारी निघण्याआधी त्या सूर्याच्या पुढे जा. इन्कॉइसचा लाटांचा अंदाज उघडा, उंचीसोबत सेकंद बघा. तिथी बघून पाऊणपट करा. किनाऱ्यावर पोचलात की उतरण्याआधी दहा मिनिटं नुसते उभे राहा आणि सगळ्यात मोठी लाट वाळूवर कुठपर्यंत चढते ते पाहून ठेवा. गावातल्या कुणाला तरी विचारा, ‘काका, आज पाणी कसं आहे?’ ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, आडवे, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ सुटली की मग या. आणि ग्रुपमधला एखादा म्हणाला, ‘चल रे, ऊन आहे, काही होत नाही’, तर त्याला मेदिनाचा तो फोटो दाखवा आणि सांगा की हा माणूससुद्धा अंदाज बघून थांबला होता.