तळहाताएवढ्या पडद्यासाठी

मोबाइलवरचे चित्र किती स्पष्ट असावे, हा विषय वार्षिकांकात मांडण्याइतका मोठा आहे काय? रोजच्या दीड जी. बी. डेटात दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा! नेटफ्लिक्सच्याच हिशेबाने साधे चित्र तासाला १ जी. बी.पर्यंत डेटा खाते, तर एचडी ३ जी. बी.पर्यंत. म्हणजे अर्ध्या तासात दिवसाची शिदोरी खलास! मग रात्री अर्थशास्त्राचे व्याख्यान ऐकायचे कशावर?

यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय यांसाठी वेगवेगळी निवड करता येते. आमची मंडळी मात्र दोन्हीकडे 'ऑटो' ठेवून मोकळी होतात. हा ऑटो पाहतो नेटचा वेग. आपल्या खिशाची त्याला काय पर्वा? रेंज चांगली मिळाली की तो सढळ हाताने उधळतो. माझे स्पष्ट मत असे, की मोबाइल डेटावर कायम 'डेटा सेव्हर'च असावा. १०८० रेषांच्या चित्रात ४८०च्या सुमारे पाचपट ठिपके असतात हे खरे. पण एवढ्याशा पडद्यावर वक्त्याच्या शर्टाची बटणे मोजून करायचे काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा भारतातल्या कंपन्यांनीच मोबाइल नेटवरचे चित्र ४८०वर आणले होते. म्हणून काही कोणी पाहायचे सोडले नाही!

अपवाद फळ्याचा. संख्याशास्त्राची सूत्रे, नकाशावरची बारीक नावे अंधुक दिसली, तर वाचलेला डेटा काय कामाचा? तेव्हा तेवढ्या चित्रफितीपुरती स्पष्टता हाताने वाढवावी. आणि आपल्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती : व्याख्यानाचे चित्रीकरण असेल त्या दिवशी फळ्यावरचे अक्षर जरा ठसठशीत काढावे.