मसीहा आला, की यायचा आहे?

‘ज्यूंनी आपला मसीहा ओळखला नाही’ असे चांगली शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. मला हे मान्य नाही. ज्याची वाट पाहिली तोच आला, हे आधी ठरायला नको का? ज्यूंचा मसीहा म्हणजे दाविदाच्या कुळातला मनुष्य, राजा. तो पांगलेल्यांना एकत्र आणील, युद्धे थांबवील. ख्रिस्ती लोकांचा मसीहा देवाचा पुत्र. पापांसाठी क्रुसावर मेला, पुन्हा उठला, आणि परत येऊन राज्य पुरे करणार. शब्द एक, अर्थ दोन!

१२६३ साली बार्सिलोनात राजा जेम्ससमोर हाच वाद रंगला. रब्बी मोशे बेन नहमान यांनी विचारले, मसीहा आला तर जग अजून हिंसेने का भरले आहे? राजाने त्यांना ३०० नाणी दिली, असे ते स्वतःच लिहितात. पुढे त्याच वृत्तांतावरून त्यांच्यावर ईश्वरनिंदेचा आरोप आला, आणि म्हातारपणी देश सुटला.

उत्तर पटवता आले नाही की आरोप ठेवायचा, ही सत्तेची रीत; श्रद्धेला ती शोभत नाही. ख्रिस्ताला मानणाऱ्याने खुशाल मानावे. पण न मानणाऱ्याला आंधळा म्हणू नये. वाट पाहणे हीसुद्धा श्रद्धाच आहे.