कोल्हापूर नावाचं इंजिन

'हॅरी पॉटर'च्या सिनेमातली लाल आगगाडी आठवते ना? मुलांना हॉगवर्ट्सला घेऊन जाणारी? तिचं इंजिन अगदी खरं आहे, फक्त रंग सिनेमाचा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ते हिरवं इंजिन, नाव 'ओल्टन हॉल', जन्म १९३७ सालचा. पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी ते वेल्समधल्या बॅरी इथल्या भंगारवाड्यात वर्षानुवर्षं गंजत उभं होतं.

हे वाचलं आणि मी ब्रिटिश वाफेच्या इंजिनांच्या नादाला लागले. आज माझे आवडते चार क्लास सांगते. क्लास म्हणजे एकाच आराखड्यावर बनलेली इंजिनं. एका घरातली भावंडंच म्हणा. चेहरा सारखा, नंबर वेगळा आणि नशीबही वेगळं!

पळणारं : ए-४

नायजेल ग्रेस्ली यांनी १९३५ मध्ये हा क्लास आणला. वारा अंगावरून सरकून जावा असा निमुळता, गुळगुळीत आकार. एकूण ३५ इंजिनं बनली. त्यातल्या 'मॅलार्ड'नं ३ जुलै १९३८ रोजी एका उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही टिकून आहे. मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. त्या धावेत मॅलार्डच्या मधल्या सिलिंडरचं बेअरिंग तापून खराब झालं आणि विक्रमवीराला पीटरबरो स्टेशनवरच थांबावं लागलं. पुढे गाडी ओढली ती दुसऱ्याच इंजिनानं.

राबणारं : ब्लॅक फाइव्ह

विल्यम स्टॅनियर यांच्या या क्लासची तब्बल ८४२ इंजिनं बनली. प्रवासी गाडी असो की मालगाडी, जे पुढ्यात येईल ते ओढायचं. प्रत्येक घरात अशी एक काकू असते. कौतुक कुणी करत नाही, पण ती चार दिवस गावाला गेली की घर अडतं. यातल्या बहुतेकांना नावसुद्धा मिळालं नाही, नुसते नंबर. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेनं मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिनं बंद केली, तेव्हा अगदी शेवटपर्यंत ड्यूटीवर होती ती हीच.

आपल्या नावाचं : ज्युबिली

हा क्लासही स्टॅनियर यांचाच. १९३४ ते १९३६ या काळात १९१ इंजिनं तयार झाली. सुरुवातीला त्यांच्यात वाफच पुरेशी तयार होत नसे, त्यामुळे टीकाही झाली. मग बॉयलरमध्ये सुधारणा झाल्या आणि ती नीट धावू लागली. राजा पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीला १९३५ मध्ये २५ वर्षं झाली, म्हणून नाव 'ज्युबिली'.

यातल्या बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातल्या देशांची, प्रांतांची आणि संस्थानांची नावं दिली गेली. बॉम्बे, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि कोल्हापूरही! हे सदर वाचणारे तुमच्यापैकी कितीतरी जण याच शहरांमध्ये राहत असतील. तुमच्या शहराच्या नावाची पाटी एकेकाळी इंग्लंडच्या रुळांवरून धावत होती. साम्राज्य मिरवण्यासाठीच ही नावं दिली होती, हे खरं. तरीही पितळी अक्षरातलं 'कोल्हापूर' फोटोत पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

डिझेल आणि वीज आल्यावर ही इंजिनं झपाट्यानं भंगारात गेली. इंदूर गेलं, ग्वाल्हेर गेलं, बडोदा गेलं, बॉम्बेही गेलं. १९१ भावंडांपैकी उरली फक्त चार : बहामाज, लिअँडर, गॅलेटिया आणि कोल्हापूर.

कोल्हापूरच का? ते काही सगळ्यांत वेगवान नव्हतं की सगळ्यांत ताकदवान नव्हतं. १९६७ च्या उन्हाळ्यात लीड्सच्या होलबेक शेडमध्ये जी मोजकी ज्युबिली इंजिनं शिल्लक होती, त्यांत ते होतं. सेटल ते कार्लाइल या डोंगराळ मार्गावर ते सुट्टीच्या गाड्या ओढत होतं आणि त्याला शेवटचं पाहायला रेल्वेप्रेमी कॅमेरे घेऊन येत होते. त्याच वर्षी ते सेवेतून निघालं आणि बर्मिंगहॅममधल्या टायसली इथल्या हौशी मंडळींनी ते सरळ विकत घेतलं. भंगारवाड्याचं तोंड त्याला पाहावंच लागलं नाही.

पुन्हा जन्मलेलं : ए-१

आर्थर पेपरकॉर्न यांच्या ए-१ क्लासच्या वेळी मात्र एकही इंजिन वाचलं नाही. ४९ इंजिनं होती. १९६६ पर्यंत एकूण एक तोडली गेली. १९९० मध्ये काही रेल्वेप्रेमींनी ठरवलं, पन्नासावं आपण बनवू! आठवड्याला एका बिअरच्या किमतीएवढी वर्गणी द्या, असं आवाहन लोकांना केलं. जुने आराखडे शोधले, एकेक भाग नव्यानं घडवला. २००८ मध्ये 'टॉर्नेडो' स्वतःच्या वाफेवर धावलं. १८ वर्षं आणि सुमारे ३० लाख पौंड लागले.

ज्युबिली आणि ए-१ यांच्या गोष्टी मी नेहमी एकत्र आठवते. एका इंजिनासाठी कुणीतरी वेळेवर "थांबा, हे आम्हाला हवंय" म्हणालं. दुसऱ्यासाठी ते वेळेवर जमलं नाही आणि भरपाई करायला १८ वर्षं गेली.

आपल्या माळ्यावरही आजीचं शिवणयंत्र असतं, आजोबांचा रेडिओ असतो. सगळंच ठेवता येत नाही, घरं लहान आहेत. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरात एकदा विचारून बघा, "हे कुणाला हवंय का?" कदाचित कोपऱ्यातून एखादा हात वर येईल.

तुमच्या घरात असं वेळेवर वाचलेलं काय आहे? फोटोसह नक्की कळवा!