तुरुंगाच्या दारापाशी थबकलेली दया

नाताळ जवळ आला की आपल्या काही धर्मग्रामांतून तुरुंगभेटीची तयारी सुरू होते. केक, साबण, टॉवेल यांच्या पिशव्या बांधल्या जातात, गायनमंडळ गीतांचा सराव करते, आत मिस्सा होते, कैद्यांचे डोळे पाणावतात आणि आपण तृप्त मनाने घरी परततो. अंतिम न्यायाच्या वेळी राजा जे प्रश्न विचारील असे संत मत्तय सांगतो, त्यांपैकी एकाचे उत्तर तरी आपल्या पदरी जमा झाले, असे आपल्याला वाटते. ही भेट व्यर्थ आहे असे कोणीही म्हणणार नाही. १९८१ साली केरळात सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी सुरू केलेले तुरुंगसेवेचे कार्य आज 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' या नावाने देशभर पसरले आहे, आणि त्यातील धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक स्वयंसेवक यांच्यापुढे मान लवावी असेच त्यांचे काम आहे. प्रश्न त्यांच्याविषयी नाही. प्रश्न आपल्याविषयी आहे. ज्याला आपण गजांआड जाऊन 'भाऊ' म्हटले, तोच शिक्षा भोगून, हातात पिशवी घेऊन आपल्याच आळीत परततो, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

बहुधा काहीच म्हणत नाही. आपण दार लावून घेतो. भाड्याची खोली त्याच्यासाठी 'नुकतीच दिलेली' असते. कारखान्यात पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. शिधापत्रिकेवरील त्याचे नाव कधीच कमी झालेले असते, बँकेचे खाते बंद पडलेले असते, आणि त्याच्या परतण्याने बहिणीचे ठरू घातलेले लग्न मोडेल या भीतीने घरातलेही त्याच्याशी दबक्या आवाजात बोलतात. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. शांतीची खूण देण्याची वेळ आली की आपले हात नेमके दुसऱ्या बाजूला वळतात.

एकच जग त्याचे मोकळ्या मनाने स्वागत करते, आणि ते म्हणजे त्याचे जुने सोबती. त्याच्या पूर्वायुष्याची त्यांना लाज वाटत नाही. ते दाखला मागत नाहीत, शिफारस मागत नाहीत. ते त्याला जेवण देतात, झोपायला जागा देतात, खिशात चार पैसे घालतात, आणि मग एके दिवशी त्याची किंमत वसूल करतात. तो पुन्हा पकडला गेला की आपण समाधानाने मान हलवतो: 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच!' त्या शेपटाला वाकडे ठेवण्यात आपला किती हात होता, हे मात्र आपण कोणाला विचारू देत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. सुटून आलेल्या माणसाला काम, निवारा आणि सोबत देणे हे सवडीचे दयाकृत्य नव्हे. पापक्षमेवर आपली श्रद्धा खरी आहे की नाही याची ती कसोटी आहे, आणि पुढचा गुन्हा टाळण्याचा हाच सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे.

'तुरुंगातला माणूस' या शब्दांनी आपल्या डोळ्यांपुढे निर्ढावलेला खुनी उभा राहतो. वस्तुस्थिती काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ माणसांवर खटले अद्याप चालू होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा न्यायालयात सिद्धच झालेला नव्हता. जामिनाची रक्कम उभी करता आली नाही म्हणून खितपत पडलेला गरीब आणि शिक्षा झालेला दरोडेखोर, दोघेही एकाच दरवाजाने बाहेर पडतात आणि आपल्या आळीत दोघांच्याही कपाळावर एकच शिक्का बसतो. न्यायाधीशाने निर्दोष सोडले तरी शेजारी सोडत नाही. एखाद्याने शिक्षा भोगली असेल, तर ती न्यायालयाने मोजून दिली होती. आपण देतो ती शिक्षा बिनमुदतीची असते.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात. ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

पहिला आक्षेप असा: 'आमची सालस मुले नोकरीविना बसली आहेत, मग गुन्हेगाराला आधी काम का?' आधी द्या असे कोणी म्हणत नाही. त्याला रांगेत उभे राहू द्या, एवढेच मागणे आहे. आज त्याला रांगेतूनच हुसकावले जाते. शिवाय हिशेबच मांडायचा तर पुरता मांडू. एक माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळतो तेव्हा कोणाचे तरी घर फुटते, कोणी तरी जखमी होतो, पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचा खर्च पुन्हा जनतेच्या माथी येतो, आणि त्याची मुले दुसऱ्यांदा पोरकी होतात. सचोटीची एक नोकरी याहून स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप: 'आधी तो सुधारला आहे हे सिद्ध करू दे, मग पाहू.' पण सिद्ध कशाने करायचे? विश्वास टाकल्यावाचून विश्वासू ठरण्याची सोय देवाने कोणालाच ठेवलेली नाही. हे आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी करून दाखवले आहे. १९३९ साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने, मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचे. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट पाहताना आपण रडलो. जेलरच्या त्या दोन डोळ्यांची जबाबदारी मात्र पडद्यावरच सोडून आलो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा उपक्रम १९९० पासून सुटून आलेल्यांना प्रशिक्षण, निवारा आणि काम मिळवून देण्यासाठी झटतो आहे. २०२२ साली महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातील कैद्यांसाठी कर्जयोजना सुरू केली. जो अजून आत आहे, त्याच्यावर बँक विश्वास टाकते; जो शिक्षा भोगून बाहेर आला, त्याच्यावर ख्रिस्तसभेचे भाविक टाकू शकत नाहीत?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: 'ज्यांचे नुकसान झाले, त्यांच्या अश्रूंचे काय?' या प्रश्नापुढे आवाज खाली यायलाच हवा. क्षमा करा, असा हुकूम त्या कुटुंबाला कोणीही सोडू शकत नाही. पण त्यांच्या दुःखाचे नाव कोण घेतो, हेही पाहावे. ज्यांनी त्या घराची पायरी कधी चढली नाही, तेच बहुधा सुटून आलेल्याला हाकलताना त्यांच्या अश्रूंची ढाल करतात. खरोखर ज्यांचे काळीज फाटले, त्यांच्यातील काही जण आपल्यापुढे गेले आहेत. इंदूरजवळ भूमिहीनांसाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात हत्या झाली. त्यांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ साली तो सुटला आणि त्या कुटुंबाने त्याला आपला मानला. २०१७ साली राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणे सोपे आहे. ज्याने आपले काहीही बिघडवले नाही अशा माणसाला खोली भाड्याने देणे एवढीच आपली परीक्षा आहे, आणि तिच्यातही आपण नापास होतो.

सावधगिरी बाळगू नये, असे मी म्हणत नाही. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याच्या हाती मुलांचा वर्ग देऊ नये. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला दारूच्या दुकानात नोकरी लावू नये. पण सावधगिरी आणि बहिष्कार यांत फरक आहे. सावधगिरी माणसाला कोठे ठेवावे याचा विचार करते. बहिष्कार त्याला कोठेच ठेवत नाही.

सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरच्या देखभालीवर प्रकरण आहे. कागद आहेत, पण कागद कोणाला जेवायला वाढत नाही. ते माणसांनीच करायचे असते, आणि आपल्याकडे माणसे आहेत. प्रत्येक धर्मग्रामात पालकीय मंडळ आहे, संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा आहे, दुकानदार, बागायतदार, कंत्राटदार आहेत. सावकारी पाशातून कष्टकऱ्यांना सोडवण्यासाठी १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी वसईत पतसंस्था स्थापन केली. एकमेकांच्या भरवशावर उभे राहणे आपल्या समाजाला नवे नाही. मागणे मोजकेच आहे. धर्मग्रामात परतणाऱ्या अशा प्रत्येकासाठी दोन कुटुंबांनी एक वर्ष सोबतीची जबाबदारी घ्यावी. शिधापत्रिका आणि बँकखाते यांसाठी कोणी तरी त्याच्याबरोबर कचेरीत जावे. एका तरी कंत्राटदाराने त्याला कामावर घ्यावे, आणि खोलीच्या अनामत रकमेची हमी धर्मग्रामाने द्यावी.

संत पौलाने फिलेमोनला लिहिलेले पत्र नव्या करारातील अगदी छोटे पत्र आहे. पौल स्वतः बंदिवासात होता. परत पाठवलेल्या ओनेसिमला दास म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घरात घे, असे त्याने मालकाला सांगितले, आणि त्याने काही नुकसान केले असेल, देणे ठेवले असेल, तर ते आपल्या खात्यावर मांडण्यास कळवले. नुसता आशीर्वाद देऊन तो थांबला नाही, जामीन राहिला. २६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. ते दार आत जाण्यासाठी होते. तुरुंगातून बाहेर पडणाऱ्यासाठी जे दार उघडायला हवे, ते रोममध्ये नाही. ते आपल्या घराला आहे, आणि त्याची कडी आतल्या बाजूने आहे.