बॉयलरचे पाणी आणि नळाचे पाणी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे नाव खानदेशात सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित आहे. सहकार क्षेत्रातील नेते पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा कारखाना आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती पाहता, पाण्याच्या प्रश्नाची चर्चा येथून सुरू करणे सयुक्तिक ठरावे. कारण साखर कारखान्यात, मग तो कोणताही असो, पाण्याचा जडपणा ही दुर्लक्ष करण्याजोगी बाब नसते. बॉयलरच्या नळ्यांत क्षारांचा थर साचला की उष्णता पुढे जात नाही, नळी तापते आणि अखेर फुटते. म्हणून बॉयलरला जाणारे पाणी आधी मृदू केले जाते, गळीत हंगामात त्याची तपासणी वारंवार होते आणि आकडे नोंदवहीत लिहिले जातात. त्याच परिसरातील घराघरांत नळाने येणाऱ्या पाण्याचा आकडा मात्र सामान्य ग्राहकाला कोणी सांगत नाही. पुरुषोत्तमनगर असो, शहादा असो वा राज्यातील कोणतेही लहान शहर, नळाच्या पाण्याच्या प्रश्नाचे मूळ या विसंगतीत आहे.

जड पाण्याची ओळख गृहिणींना शाळेतील 'दुष्फेन पाणी' या धड्याची आठवण न करताही असते. साबणाला फेस येत नाही, तोटीच्या तोंडाशी पांढरे पापुद्रे धरतात, गिझरची कॉइल वारंवार बदलावी लागते, आणि वरण-बट्टीच्या या मुलखात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. या साऱ्यामागे पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे. तापी खोऱ्याच्या गाळात चुनखडीचे खडे आढळतात, तर त्याच्या सभोवती काळा बेसाल्ट पसरलेला आहे. मातीतून झिरपणारे पावसाचे पाणी वाटेत कर्बवायू घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुना विरघळवत खाली उतरते. ते जमिनीखाली जितका अधिक काळ राहते, तितके साधारणपणे अधिक जड होते. ऊस, केळी आणि पपईच्या बागांसाठी कूपनलिका खोल जाऊ लागल्या, की बाहेर येणारे पाणीही बहुधा अधिक क्षारयुक्त असते.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत उपलब्धच नसेल, तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. हा आकडा घरच्या हिशेबात मांडला, म्हणजे त्याचा अर्थ कळतो. पाच माणसांच्या घराला माणशी ५५ लिटर याप्रमाणे दररोज २७५ लिटर पाणी मिळाले आणि त्याचा जडपणा ४०० मिलिग्रॅम असला, तर त्या पाण्यासोबत दिवसाला ११० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ४० किलो चुन्याइतके क्षार घरात येतात. त्यातील बराच भाग सांडपाण्यासोबत निघून जातो. उरलेला गिझर, नळ, सौर बंब आणि भांडी यांवर बसतो. त्याचा खर्च कुटुंब निमूटपणे सोसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जडपणा त्रासदायक आहे, परंतु तो विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. उलट पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला काही अंशी उपयोगीच पडतात. मूतखड्याचा दोष सरसकट जड पाण्याला देण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः कमी पाणी पिणे, उष्ण हवामान, आहार आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. पाण्यातील जंतू हा त्यातील पहिला. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये आणि क्लोरीन दिलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे या मज्जाविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडेच वळली होती. महानगराच्या वेशीवर ही अवस्था असेल, तर लहान गावांनी निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

दुसरा धोका नायट्रेटचा. उसाच्या आणि केळीच्या पट्ट्यात युरियाचा सढळ वापर होतो, गावांत शोषखड्डे असतात आणि दोन्हींतून नायट्रेट भूजलात उतरते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा असून तीत कोणतीही सवलत नाही. ती ओलांडली गेल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात आणि जडपणाचा एक भाग भांड्याच्या तळाशी बसतो. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढतेच.

आकडा ठाऊक नसला, की नागरिक आपापल्या परीने उपाय शोधतो. परवडणारा घरात आरओ यंत्र बसवतो आणि न परवडणारा जार मागवतो. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन ते तीन लिटर पाणी वाया घालवते. यामुळेच राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. परंतु आपल्या नळाचे पाणी ५०० च्या खाली आहे की वर, हेच ज्याला माहीत नाही, त्याने निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा? विक्रेत्याने दाखवलेल्या मीटरवर? तो मीटर केवळ क्षारांचा अंदाज देतो. जंतूंविषयी तो काहीच सांगत नाही. जारच्या पाण्याची कथा याहून वेगळी नाही. थंड आणि गोड लागणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, आणि सीलबंद नसलेल्या जारवर देखरेख कोणी करायची याविषयी यंत्रणांमध्ये वर्षानुवर्षे टोलवाटोलवी चालत आली आहे.

तपासणीची व्यवस्थाच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाच दशकांहून अधिक काळ राज्यात कार्यरत आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्रोतांची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या मिशनची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. मात्र नळजोडण्यांची संख्या जितक्या उत्साहाने जाहीर होते, तितक्या उत्साहाने त्या नळांतून येणाऱ्या पाण्याची प्रत जाहीर होत नाही. अहवाल संगणक प्रणालीत जातात. चावडीच्या भिंतीवर ते क्वचितच उतरतात.

उपाय अवघड नाहीत. जडपणा, क्षार, नायट्रेट, शिल्लक क्लोरीन आणि जंतुतपासणी हे पाच आकडे तारखेसह ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या फलकावर आणि पाणीपट्टीच्या बिलावर छापावेत. नमुना केवळ टाकीजवळ न घेता शेवटच्या घराच्या नळावरही घ्यावा, कारण गळक्या वाहिनीत सांडपाणी शिरते ते वाटेतच. प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजमुळे तापीचे पाणी या भागात अडले आहे. नदीचे पाणी भूजलाहून सहसा कमी जड असते. जेथे खर्च आणि अंतर परवडेल, तेथे ते शुद्ध करून कूपनलिकेच्या पाण्यात मिसळल्यास जडपणा उतरतो. पिण्याच्या विहिरीभोवती खते आणि शोषखड्डे यांना मज्जाव करणे, हे तर कमी खर्चाचे काम आहे.

धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर पाणी मिळणे हाच आजही पहिला प्रश्न आहे. ज्यांच्या दारी नळ आला त्यांनी गुणवत्तेचा आग्रह धरला, तर उद्या पाड्यावर पोहोचणारा नळही तपासलेल्या पाण्याचा असेल. हंगामात बॉयलरच्या पाण्याचा आकडा लिहिण्यात कारखान्याची प्रयोगशाळा कसूर करत नाही. माणसाच्या पाण्यासाठी महिन्यातून एकदा तितकीच दक्षता दाखवावी, एवढी मागणी करण्याचा अधिकार पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. त्याने ती येत्या ग्रामसभेत लेखी स्वरूपात मांडावी.