पाण्याचं भांडं उचलू नका

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक बाळंतीण होती. दचकू नका, कुत्री होती ती! मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेच्या स्टेजखाली चार पिलं घालून बसलेली. सुट्टी लागली, शाळेला कुलूप पडणार, तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "बाई, हिला आता कोण बघंल?" बाईंनीच नेली. पिलांचं दूध सुटेपर्यंत ठेवायची, मग सगळ्यांना घरं शोधायची, एवढ्या बोलीवर ह्यांनी मान हलवली. मुलांनी नाव ठेवलं गंगी. ते नाव पुढे फारच शोभलं.

धाराशिवचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. नळ रोज येत नाही, पिंप भरून ठेवायचं आणि तांब्या-तांब्यानं पुरवायचं. आणि ही बाई भांडं ठेवलं की रिकामं करायची. लगेच ओसरीवर तळं. पुसून वळते तोवर दुसरं. पाण्यासारखीच लघवी, ना रंग ना वास.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाजणारीला तहान लागतेच." शेजारच्या काकूंचं मत वेगळं. "पाणी कमी कर, ओसरी आपोआप कोरडी होईल." मला ते पटलं, कारण पुसून पुसून माझी कंबर मोडली होती. दोन रात्री मी भांडं उचलून ठेवलं. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला पिलांच्या कुंईकुंईनं जाग आली. बघते तर गंगी न्हाणीतली ओली फरशी चाटत होती. हिरड्यांना बोट लावलं तर त्या चिकट लागल्या. माझा धाकटा अंगावर पीत होता तेव्हा मी उशाशी तांब्याभर पाणी घेऊन निजत असे, ते आठवलं आणि अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळीच जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उलटं धरलंत. ती पिते म्हणून लघवी होते असंच नसतं. पुष्कळदा लघवीवाटे पाणी निसटतं म्हणून ती पिते. भांडं उचललं तरी निसटणं चालूच राहतं. मग अंगातलं पाणी जातं, दूध आटतं." त्यांनी आधी मोजायला सांगितलं.

मोजायचं कसं, तेवढं लिहून ठेवा. कुत्र्याला एरवी दिवसाला एका किलो वजनामागे पन्नास-साठ मि.ली. पाणी पुरतं. शंभरच्या वर गेलं तर चौकशी करायची. गंगीला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले, माझं वजन वजा केलं, ती तेरा किलो भरली. (माझं किती भरलं ते विचारू नका.) म्हणजे पाऊण लिटरभर पुरायला हवं. ती साडेतीन लिटर पीत होती! आपल्याकडच्या उन्हात पाणी वाळतंही, म्हणून तसंच दुसरं भांडं उंचावर ठेवून त्यातली घट वजा केली, तरी एवढं.

दूध पाजणारीला पाणी जास्तच लागतं, कारण दुधात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. पण मी डॉक्टरांना विचारलं, "ते पाणी दुधात गेलं, तर मग लघवी एवढी का?" ते म्हणाले, "हाच तर खरा प्रश्न आहे." त्यांच्याकडून एक नवलही कळलं. पहिले काही आठवडे आई पिलांना चाटून त्यांची लघवीही पोटात घेते, म्हणजे दुधावाटे गेलेलं थोडं पाणी तिच्याकडेच परत येतं. मी पेज आणि ताक देत होते, त्याचीही भर होती. पण एवढ्यानं साडेतीन लिटरचा हिशेब लागेना.

मग लघवी तपासायची ठरली. पहाटे ती बसली की मागून हलकेच उथळ थाळी सरकवायची. थाळीला साबणाचा अंश नको, आणि नमुना लवकर पोचवायचा. हातमोजे घालाच, कारण लेप्टोसारखा आजार लघवीतून माणसांना होतो. मुलांना मी ओसरीवर फिरकू दिलं नाही. काकूंचं पुन्हा सुरू झालं, "पाणी पिते ना, मग पिसाळलेली तरी नाही." तेही चूक, बरं का. पाण्याचं भय माणसाच्या आजारात दिसतं. पिसाळलेलं कुत्रं पाणी पिऊही शकतं. लस टोचलेली आहे का, एवढंच बघावं.

लघवीत साखर नव्हती. ह्या साखरेचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध कुत्र्यांच्याच जिवावर कळलाय. १८८९ साली स्ट्रासबर्गला मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. शिस्तीचं कुत्रं, पण फरशीवर सारखी लघवी करू लागलं. तपासली तर साखर! पुढे १९२१ साली टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांचं इन्शुलिनचं कामही कुत्र्यांवरच झालं. ते वाचल्यापासून ओसरी पुसताना माझी कुरकुर जरा कमी झाली.

रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक, कॅल्शियमही ठीक. ताप नव्हता, अंगावरून घाण जात नव्हती, म्हणून गर्भाशयाची भीती कमी वाटत होती. डॉक्टरांनी खोदून विचारलं, खाजेचं इंजेक्शन दिलंत का, कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या? स्टेरॉईडनं आणि अशा गोळ्यांच्या अतिरेकानं तहान वाढते म्हणे. आम्ही दिलं नव्हतं. शाळेत येण्याआधी कुणी काही टोचलं होतं का, ते गंगीच जाणे. एवढं मात्र त्यांनी बजावलं की ओकारी, सुस्ती, थरथर किंवा पिलांना जवळ न घेणं, ह्यांतलं काही दिसलं तर रात्र काढायची नाही.

तसं काही झालं नाही. मी वहीत रोजचा आकडा लिहीत गेले. पिलं भाकरी-दूध खाऊ लागली तसं पाणी दोन लिटरवर आलं, दूध सुटल्यावर सव्वा लिटरवर. लघवीलाही रंग आला. तरी तिच्या वजनाला ते जरा जास्तच. कारण शेवटपर्यंत सापडलं नाही.

गंगीला तुळजापूरजवळच्या एका शेतकरी कुटुंबानं नेलं. सगळं खरं सांगूनच दिली, वहीसकट. परवा तिथल्या सूनबाईंचा फोन आला. "बाई, काल एक लिटरच प्याली. वही संपत आलीया, नवी करू का?"