पिठाची मर्यादा आणि पाकिटाची मुदत

दळलेल्या पिठाची मर्यादा थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची, हा दिगंबर घरांतला जुना दंडक आहे. श्वेतांबर घरांत मिठाईसारख्या पदार्थांसाठी ऋतूप्रमाणे ३०, २० आणि १५ दिवसांची गणना चालते. वऱ्हाडातील जैन कुटुंबांचा धान्य-किराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असल्यामुळे बार्शीटाकळीसारख्या गावात हे पाळणे कधी जड गेले नाही. धान्य घरात असे आणि गिरणी हाकेच्या अंतरावर. आजही कित्येक घरांत पिठाची मर्यादा कसोशीने सांभाळली जाते. मात्र ज्या फडताळात तीन दिवसांच्या पिठाचा डबा असतो, त्याच फडताळाच्या वरच्या फळीवर सहा महिने टिकणारी बिस्किटे, नऊ महिने टिकणाऱ्या शेवया आणि ‘जैन’ असे ठळक छापलेला चिवडा असतो. एका स्वयंपाकघरात दोन कालगणना नांदतात आणि दुसरीची चौकशी कोणी करीत नाही.

पिठाच्या मर्यादेमागील कारण जीवदयेचे आहे. दमट हवेत दळलेल्या धान्यात जीवोत्पत्ती लवकर होते, म्हणून पावसाळ्यातील मुदत सर्वांत कमी. परंतु ज्वारीच्या भाकरीने हाच नियम आपल्या परीने मांडून ठेवला आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकट ग्लुटेन नसतो. भाकरी थापली जाते ती ताज्या पिठाच्या विरीवर. पीठ जुने झाले की विरी जाते, कडा फाटतात, तव्यावर टाकताना भाकरी तुटते आणि चवीला कडवटपणा येतो. ज्वारी सबंध दळली जाते. दाण्याचा अंकुर, त्यातले तेल आणि वरचा कोंडा हे सारे पिठात उतरते व ते तेल हवा लागून खवट होते. मैदा मात्र महिनोन्‌महिने टिकतो, कारण गव्हाचा कोंडा आणि अंकुर त्यातून आधीच काढून टाकलेले असतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकाच चोथा असतो. मैद्यातील चोथा त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास भरतो. पाकिटावरची लांब मुदत ही अशी विकत घेतलेली असते, आणि तिची किंमत दाण्याने मोजलेली असते.

स्वतःचा आहार ठरवू पाहणाऱ्या श्रावकाने उष्मांकांचा हिशेब नंतर करावा. आधी प्रत्येक पदार्थाबद्दल विचारावे की, शेतातून ताटापर्यंत येताना त्याचे काय काय झाले. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ पासून अन्नाची वर्गवारी याच प्रश्नावर उभी केली. ‘नोव्हा’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या पहिल्या गटात धान्य, कडधान्य, भाजी, फळे, दूध असे जवळजवळ मूळ रूपातले अन्न येते. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ. तिसऱ्यात लोणच्यासारखे साधे टिकवलेले पदार्थ. आणि चौथ्यात अतिप्रक्रिया केलेला कारखानी माल. या वाटणीत शाकाहाराला निराळे आसन नाही, हे जैन वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावे. हिरवा ठिपका एवढेच सांगतो की आत मांसाहारी घटक नाही. ‘कांदा-लसूण नाही’ या ओळीचा अर्थही तेवढाच. पाकिटामागील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते. त्या यादीत पहिल्या तिघांत मैदा, साखर आणि पामतेल असले, पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर अशी कोणत्याही घरच्या डब्यात न सापडणारी नावे असली, तर तो पदार्थ आचाराला चालला तरी आहाराला चालतोच असे नाही.

अकोला जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्याच प्रकाराने समोर येतो. अकोला शहर डाळ मिलांसाठी प्रसिद्ध आहे आणि भोवतालच्या तालुक्यांत तूर मुबलक पिकते. तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून, टरफल काढून डाळ होते. निघालेली चुनी जनावरांना जाते. एवढी प्रक्रिया समजण्यासारखी आहे, घरच्या जात्यावरही हेच होत असे. त्यानंतर डाळीला चकाकी आणणारे पॉलिश येते, ते केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. बिनपॉलिशची डाळ, सालीची मूगडाळ आणि अख्खे मूग, उडीद, हरभरे या जिल्ह्यात कोणालाही दुर्मीळ नाहीत. फक्त ते मागावे लागतात.

सोयाबीनची कथा याहून विलक्षण आहे. गेल्या काही दशकांत वऱ्हाडातील ज्वारीची शेते ओसरत गेली आणि त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनच्या दाण्यात तेल सुमारे १८ ते २० टक्केच, म्हणून ते प्रामुख्याने हेक्झेन या द्रावकाने काढतात आणि मग त्याचा रंग, वास व चिकटपणा घालवतात. गावच्या शेतातला दाणा असा कारखान्यात जातो आणि पिशवीबंद रिफाइंड तेल होऊन त्याच गावच्या दुकानात परततो. शेजारच्या वर्ध्यात मात्र हाच दाणा एकदा अख्खाच ताटात आला होता. महात्मा गांधींनी डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे काम चाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, बैलघाणीचे तेल, गूळ आणि हिरव्या पालेभाज्या यांचा पुरस्कार तिथून झाला. १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजवून वाढण्याचे प्रयोगही झाले.

गांधींच्या आहारविचाराला जैन संस्कारांचा स्पर्श होता, हे सर्वश्रुत आहे. विलायतेला जाण्यापूर्वी मद्य, मांस आणि परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा त्यांनी जैन साधू बेचरजी स्वामींसमक्ष घेतली होती, आणि श्रीमद् राजचंद्रांचा प्रभाव त्यांनी स्वतः वारंवार मान्य केला. १९१५च्या हरिद्वार कुंभात त्यांनी दोन नियम घेतले: चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत, आणि अंधार पडल्यावर खायचे नाही. दुसरा नियम कोणत्याही श्रावकाला ओळखीचा आहे. पहिलाही परका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील सहा बाह्य तपांपैकी पहिली चार, म्हणजे अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग, आहाराशीच निगडित आहेत. वृत्तिपरिसंख्यान हे मुळात मुनींच्या भिक्षेच्या संकल्पाचे तप. गृहस्थाच्या घरी त्याची सावली म्हणजे ‘आज इतकेच पदार्थ’ हा सकाळचा नियम. मात्र गांधींचे सगळेच प्रयोग अनुकरणीय नव्हते. १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग त्यांना आमांशाने सोडायला लावला. १९१२ मध्ये सोडलेले दूध १९१८च्या दीर्घ आजारपणानंतर, कस्तुरबांच्या आग्रहावरून, शेळीच्या दुधाच्या रूपाने परत घ्यावे लागले.

दुधाचा हा तपशील येथे किरकोळ नाही. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नातून मिळत नाही; ते शुद्ध स्वरूपात वेगळे झाले तेच मुळी १९४८ साली. दूध-दही-ताक घेणाऱ्या जैन कुटुंबातही ते कमी पडू शकते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा या तक्रारी ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता रक्ताची तपासणी करून घ्यावी. ज्यांनी दुग्धजन्य पदार्थही सोडले आहेत, त्यांना वैद्यकीय सल्ल्याने पूरक मात्रा घेण्यावाचून मार्ग नाही. अन्न कितीही मूळ रूपात असले तरी जे त्यात नाही ते त्यातून मिळत नाही.

आता प्रत्यक्ष ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, तेलबिया व सुकामेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. मीठ ५ ग्रॅमच्या आत, साखर २० ते २५ ग्रॅमच्या आत. हे आकडे भिंतीवर चिकटवून काही होत नाही. व्यापारी घराला त्याहून चांगली पद्धत ठाऊक आहे: महिन्याच्या किराण्याची यादी खतावणीसारखी तपासावी. चार प्रौढांच्या घरात महिन्याला तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलो, साखर-गूळ मिळून फार तर तीन किलो, मीठ ६०० ग्रॅम, आणि डाळी-कडधान्ये दहा किलो, हा त्या प्रमाणाचा अर्थ होतो. बहुतेक याद्यांत तेल आणि साखर या रेषेच्या बरीच वर, तर डाळ बरीच खाली आढळेल. पातळ वरणाच्या वाटीत पाणीच अधिक असते. गुळाला साखरेच्या रकान्यातून सूट देण्याची चूकही अनेक सुज्ञ घरांत होते.

यादी एकदा उघडी पडली की दुरुस्ती सोपी आहे, कारण वऱ्हाडाच्या जुन्या जेवणात जवळजवळ सगळे उपलब्ध आहे. दोन्ही वेळच्या पोळ्यांपैकी एका वेळी ज्वारीची किंवा उडीद घातलेली कळण्याची भाकरी. जवस, तीळ, कारळे यांची कोरडी चटणी. जवसात ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल भरपूर असते, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या इथे घाण्याच्या तेलाला व चटणीला वापरले गेले आहे. शेंगदाणे भाजीच्या कुटात. (भुईमूग जमिनीखाली लागतो, पण तो शेंगेतला दाणा आहे, कंद नव्हे, एवढे नव्या सुनांना एकदा सांगून ठेवावे.) हिवाळ्यात तुरीचे सोले, अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून, हरभऱ्याचा कोवळा पाला. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांनी दुधी, दोडका, गवार, कारले, तोंडली यांचे प्रमाण दुप्पट केले पाहिजे. भाजी सोडली आणि तिच्या जागी काही आले नाही, तर ताट रिकामे राहात नाही, ते पिठाने भरते.

येथेच सर्वांत नाजूक जागा आहे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे न खाण्याचा नियम असलेल्या कित्येक घरांत त्या दिवशीचे ताट पापड, शेव, फरसाण, मैद्याचे खाकरे आणि तळलेल्या पुऱ्या यांनी सजते. नियम अक्षराने पाळला जातो, पण महिन्यातील सर्वांत तेलकट, सर्वांत खारट दिवस तोच ठरतो. रसपरित्यागाच्या तिथीला रसांचीच रेलचेल होते. त्या दिवशी मुगाचे जाडसर वरण, भाकरी, तूरडाळीची आमटी, भिजवलेल्या हरभऱ्यांची उसळ, दूध असे साधे जेवण हिरव्याशिवायही पुरे पडते. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या ज्येष्ठांसाठी हा भेद केवळ रुचीचा नाही. मधुमेहाची औषधे चालू असताना उपवास किंवा एकासन करायचे असेल तर मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळींचे प्रमाणही त्यांच्याच सांगण्याने.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची अडचण दुकानदारांना अधिक. अकोला भागात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. हिवाळ्यात दुकान सोडून घरी येणे जमत नाही, म्हणून पाच वाजता पाकिटातील काहीतरी खाऊन वेळ साधली जाते. घरून आलेल्या डब्यात भाकरी-चटणी, थालीपीठ किंवा फुटाणे असले की नियम आणि पोषण दोन्ही सांभाळले जातात. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघताना जुन्या स्त्रिया दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या बांधून नेत. आजच्या प्रवासात त्यांना काहीही अडचण नाही.

राहता राहिली ज्वारी. चार माणसांच्या घरात निम्मे धान्य ज्वारीचे धरले तर वर्षाला दोन क्विंटलांच्या आत काम भागते. साधारण पावसात अर्ध्या एकराचे ते पीक. शेतकऱ्यांनी ज्वारी सोडली त्याला कारणे आहेत. बैल कमी झाले तशी कडब्याची गरज घटली, कणसांवर पाखरे पडतात, काटेपूर्णा अभयारण्याच्या बाजूला रानडुकरे आणि रोही पीक आडवे करतात, कापणी-खुडणीला माणसे मिळत नाहीत. ज्यांची शेती आहे त्यांनी घरापुरता एक तुकडा राखता येतो का पाहावे. ज्यांची नाही, त्या चार-पाच कुटुंबांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याशी भाव आणि राखणीचा खर्च आधी ठरवावा. ही बोलणी मृगाच्या पेरणीपूर्वी, मे महिन्यातच झाली पाहिजेत.